कॅमेरा शोधण्याआधी बिघडलेला फोटो उघडा

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.
गेली तीन वर्षं मी फोनवर फोटो काढते आहे. मला माणसांचे फोटो आवडतात, तेही घरातल्याच माणसांचे. खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसलेली आई, तिचे हात, दुपारी डोळा लागलेली आजी. दिवसाचे फोटो छान येतात. पण दोन वर्षांची भाची संध्याकाळी घरभर पळत असते आणि तिचा एकही फोटो स्पष्ट येत नाही. नमुन्याला एक सोबत पाठवते आहे. आता खरा कॅमेरा घ्यायचं ठरवलंय, पैसेही बाजूला काढलेत. पण चार महिने मी नुसती परीक्षणं वाचते आहे. एक म्हणतो सोनीच घ्या, दुसरा म्हणतो कॅननसारखे रंग कुणाचे नाहीत, तिसरा म्हणतो फुल फ्रेम नसेल तर पैसे पाण्यात. एका अनोळखी ऑनलाइन दुकानात तोच कॅमेरा इतरांपेक्षा फारच स्वस्त दिसतोय. कुठल्या कंपनीचा घेऊ, कुठून घेऊ आणि शिकायला कुठल्या साइटवर विश्वास ठेवू? आणखी एक: बाबांचा जुना रोलचा कॅमेरा कपाटात पडून आहे, पेंटॅक्स के-१०००. त्याचं काही होईल का?
– चार महिने वाचून थकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचण्याआधी मी सोबतचा फोटो उघडला आणि बराच वेळ बघत बसले. भाची दारातून आत येते आहे, एक पाय हवेत, मागे टेबलावरचा दिवा. फोटोची जागा आणि क्षण दोन्ही तुम्ही अचूक पकडलेत. बिघडलंय ते एवढंच, की तिचा चेहरा पुसट झालाय. फोनने फोटोसोबत जपलेली माहिती पाहिली तर कारण लगेच सापडतं. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१५ सेकंद. तेवढ्या वेळात पळणारं मूल अर्ध्या वितीइतकं तरी पुढे सरकतं. ते गोठवायचं तर निदान १/२५० सेकंद लागतो.

म्हणजे तुमची अडचण कंपनीची नाही, प्रकाशाची आहे. चार महिन्यांच्या वाचनात हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, कारण परीक्षणं कॅमेऱ्यापासून सुरू होतात आणि तुमचा प्रश्न सुरू होतो फोटोपासून. तेव्हा आपण उलट्या दिशेने जाऊ.

थोडं गणित करू या, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. फोनच्या मुख्य लेन्सचं अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, साधारण एफ/१.८ असतं (आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं), म्हणजे ती बऱ्यापैकी प्रकाश आत घेते. पण सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, लहान. फोनमधला मोठा म्हणावा असा सेन्सर धरला तरी त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर भरतं. एपीएस-सी या मधल्या आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ते सुमारे ३६५ चौरस मिलिमीटर असतं, म्हणजे पाचपट. ऐकायला छान वाटतं. पण कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स पुढे ओढली, झूम केली, की तिचं अपर्चर बहुतेक वेळा एफ/५.६ किंवा त्याहूनही लहान होतं. एफ/१.८ च्या तुलनेत एफ/५.६ मधून दर चौरस मिलिमीटरला जवळजवळ एक दशांश प्रकाश पोचतो. सेन्सरने पाचपट कमावलं, लेन्सने दहापट घालवलं. नवा कॅमेरा घेऊन संध्याकाळी भाचीचा फोटो काढलात तर तो फोनपेक्षा चांगला येईलच असं नाही. उलट फोन चार-पाच फ्रेम एकत्र करून चित्र सावरतो, तेवढंही कॅमेरा आपणहून करणार नाही. कॅमेरा घेऊन महिन्याभरात कपाटात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं नेमकं इथेच बिनसलेलं असतं.

त्याच कॅमेऱ्यावर एफ/१.८ ची, झूम न होणारी साधी लेन्स लावली की फोनच्या पाचपट प्रकाश हाती येतो. त्यात टेबलावरचा दिवा भाचीपासून दोन मीटरवर आहे तो एक मीटरवर आणा. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. पाच चोक वीस. १/१५ चा शटर स्पीड १/३०० वर जाऊ शकतो, आणि चित्रातला दाणा, म्हणजे कमी उजेडात दिसणारी खरखर, होता तेवढाच राहतो. दिवा सरकवायला काहीच खर्च नाही, म्हणून तो प्रयोग आज संध्याकाळीच फोनवर करून बघा. फरक डोळ्यांनी दिसला की पुढचं सगळं सोपं जाईल.

आता कंपनी. तुम्ही कॅमेरा घेता तेव्हा खरं तर माउंट घेत असता, म्हणजे लेन्स जिथे बसते ते कडं. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पाच-सहा वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षं टिकते. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी त्या माउंटवर कोणत्या लेन्स मिळतात ते बघायचं. सोनीचा ई-माउंट २०१० पासून आहे आणि इतर लेन्स-कंपन्यांना तो बराच काळ खुला आहे, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन, व्हिल्ट्रॉक्स यांच्या लेन्सची सर्वात मोठी रांग तिथे आहे. वापरलेल्या लेन्सही भरपूर मिळतात. फुजीफिल्मचा एक्स-माउंट २०१२ चा. ही कंपनी एपीएस-सी आकाराकडे दुय्यम म्हणून बघत नाही आणि तिच्या छोट्या लेन्स मनापासून बनवलेल्या असतात. निकॉनचा झेड आणि कॅननचा आरएफ हे दोन्ही माउंट २०१८ चे. निकॉनवर बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स हळूहळू वाढत गेल्या. कॅननने हे दार बराच काळ बंद ठेवलं होतं, २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना एपीएस-सीच्या लेन्सपुरतं ते उघडलं. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये आणलेलं मायक्रो फोर थर्ड्स, एपीएस-सीहून लहान सेन्सरचं माउंट, आजही चालू आहे. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय आता ओएम डिजिटल सोल्युशन्स या नावाने चालतो. डोंगर-दऱ्यांत फिरणाऱ्यांना आणि पक्ष्यांमागे जाणाऱ्यांना मी मायक्रो फोर थर्ड्स आनंदाने सुचवते, कारण सगळं सामान हलकं राहतं. तुमच्या संध्याकाळच्या खोलीसाठी मात्र सेन्सर थोडा मोठाच बरा.

फुल फ्रेमबद्दल विचारलंत. तो सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एपीएस-सीच्या सव्वादोन ते अडीचपट. कमी उजेडात त्याचा फायदा खरा आहे, कुणी खोटं सांगत नाही. पण पैसे ठरलेले असतील तर फुल फ्रेम बॉडीवर मंद, म्हणजे लहान अपर्चरची, लेन्स लावण्यापेक्षा एपीएस-सीवर चांगली उजळ लेन्स लावणं तुमच्या कामाचं. ‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्याला विचारा, त्याने शेवटचा मोठा प्रिंट कधी काढला होता. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी वीस बाय सव्वातेरा इंचाचा प्रिंट निघतो, आणि भिंतीवर तो दोन पावलं मागे जाऊन बघावा लागतो.

मग नेमकं काय? सिग्माची ३० मिमी एफ/१.४ ही लेन्स. एपीएस-सीवर तिचा कोन साधारण आपण समोरच्या माणसाकडे बघतो तसा असतो, घरातल्या खोलीत बसून बोलावं तेवढ्या अंतराचा. एफ/१.४ म्हणजे वरच्या गणितापेक्षाही दीडपटीहून जास्त प्रकाश. आणि तुमची चार महिन्यांची चिंता मिटवणारी गोष्ट ही, की हीच लेन्स सोनी, फुजी, निकॉन आणि कॅनन या चारही माउंटसाठी मिळते. लेन्स ठरली की बॉडीचा प्रश्न हाताच्या पकडीवर येऊन थांबतो. सोनी ए-६४०० (२०१९) चा डोळ्यावर फोकस धरून ठेवण्याचा वेग पळत्या मुलासाठी फार उपयोगी आहे, मेनू मात्र किचकट. निकॉन झेड-५० हातात सर्वात आरामात बसतो. कॅनन आर-५० नवख्या माणसाला लवकर समजतो. फुजी एक्स-एस१० मध्ये सेन्सर हलवून थरथर सावरण्याची सोय आहे. ती झोपलेल्या आजीच्या फोटोला उपयोगी पडेल, भाचीला नाही. थरथर आपल्या हाताची सावरली जाते, समोरचं मूल त्याने थांबत नाही.

मला एकच नाव मागाल तर वापरलेला ए-६४०० आणि ही लेन्स. तरी ओळखीत कुणाकडे यांतला एखादा असेल तर अर्धा तास हातात घ्या. जो कॅमेरा धरताना बोटं आपोआप योग्य जागी जातात तो घराबाहेर निघतो.

आता कुठून घ्यायचा. त्या अनोळखी दुकानाचं आधी सांगते: तिथून घेऊ नका. कॅमेऱ्याच्या धंद्यात दुकानदाराला मिळणारा वाटा इतका मोठा नसतो की एकाच दुकानाला बाकी सगळ्यांपेक्षा खूप खाली उतरता यावं. किंमत तेवढी उतरली असेल तर काहीतरी काढून घेतलेलं असतं. कधी तो दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी आलेला माल असतो, ज्याला ‘ग्रे मार्केट’ म्हणतात. यंत्र खरंच असतं, पण कंपनीची वॉरंटी तुमच्याकडे लागू होत नाही आणि काही कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं असा कॅमेरा पैसे देऊनही दुरुस्तीला घेत नाहीत. कधी डब्यातली मूळ बॅटरी, चार्जर काढून त्याच वेगळ्या विकलेल्या असतात. कधी ऑर्डर दिल्यावर फोन येतो आणि महागडी ‘वाढीव’ बॅटरी घेतल्याशिवाय माल निघत नाही. आणि कधी कॅमेरा येतच नाही.

दुकान निवडताना मी एकच गोष्ट सर्वात आधी उघडते: माल परत घेण्याच्या अटींचं पान. किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने, डबा उघडला असला तरी चालेल का. हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बाकीचं वाचायची गरज नाही. त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिच्यात त्या दुकानाचं नाव शोधायचं. मोठ्या ऑनलाइन बाजारात एकाच पानावर अनेक विक्रेते असतात, म्हणून विक्रेत्याचं नाव वेगळं वाचायचं. बाजार प्रसिद्ध आहे म्हणून विक्रेता विश्वासू ठरत नाही.

जगभरातले छायाचित्रकार ज्यांची नावं वर्षानुवर्षं घेतात अशी काही दुकानं आहेत. न्यूयॉर्कचं बी अँड एच, १९७३ पासूनचं. तिथून काही विकत घेतलं नाही तरी त्यांच्या साइटवर जाऊन वस्तूची पूर्ण माहिती वाचा. डब्यात नेमकं काय काय येतं, फिल्टरचा व्यास किती, वजन किती, सगळं नीट दिलेलं असतं आणि घेतलेल्या लोकांचे प्रश्नही. (शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी तिथे ऑनलाइन ऑर्डरही घेत नाहीत, म्हणून कधी बटण दाबलं जात नसेल तर साइट बिघडली असं समजू नका.) त्याच शहरातलं अ‍ॅडोरामाही तसंच जुनं. वापरलेल्या सामानासाठी अमेरिकेतलं केईएच, १९७९ पासून याच कामात आहे आणि मालाची प्रतवारी हात राखून करण्यासाठी ओळखलं जातं. त्यांनी ‘बरा’ म्हटलेला माल हातात आल्यावर बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा चांगला निघतो. ब्रिटनमधलं एमपीबी २०११ मध्ये सुरू झालं. तिथे तुम्हाला मिळणार त्याच वस्तूचे फोटो असतात, नमुन्याचे नाहीत. दूरच्या देशातून मागवायचं असेल तर किमतीत आयातकर, पाठवणी आणि बिघडल्यास परत पाठवण्याचा खर्च मिळवून मगच तुलना करा. आणि वॉरंटी तुमच्या देशात चालते का ते लेखी विचारा. तुमच्याजवळ एखादं जुनं, कॅमेऱ्याचंच दुकान असेल आणि मालक तुम्हाला बॉडी हातात देऊन दोन फोटो काढू देत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊनही तिथूनच घ्या, असं मी मनापासून सांगेन. पहिल्या महिन्यात येणारे वीस प्रश्न विचारायला तो माणूस समोर असतो.

वापरलेलं घ्यायला घाबरू नका, पण तपासायला शिका. लेन्स हातात घेऊन मागून टॉर्चचा उजेड पाडा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा डाग दिसले तर ती बुरशी आहे. धूळ असली तर चालते, थोडी धूळ चित्रात दिसत नाही. बुरशी मात्र काचेवरचा लेप खाते आणि घरातल्या दमटपणात वाढत जाते. मी एकदा घाईत घेतलेल्या लेन्समध्ये ती निघाली. विकणाऱ्याने ‘काचेवर हलकी धूळ’ एवढंच सांगितलं होतं आणि मी दिवसाउजेडी वरवर बघून पैसे दिले होते. सहा महिन्यांत त्या लेन्सचे फोटो दूध सांडल्यासारखे फिके दिसू लागले. तेव्हापासून टॉर्च पिशवीतच असतो. बॉडीसाठी: अपर्चर एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. शटर किती वेळा उघडलं-मिटलं तो आकडा विचारा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक ते दोन लाख वेळा चालेल या हिशेबाने बनवलेलं असतं. लेन्स लावून हलवून बघा, कडं सैल नको. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर कुणीतरी उघडून बघितलंय. कारण विचारा. आणि पहिला फोटो विक्रेत्यासमोरच काढून, पूर्ण मोठा करून बघा.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर, घरी लेन्स कातड्याच्या बंद पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. जमलं तर त्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असला की झालं.

बाकीच्या सामानात सध्या फार अडकू नका. ट्रायपॉड तुम्हाला आत्ता लागणार नाही. लागेल तेव्हा बेन्रो, सिरुई, मॅनफ्रोटो यांपैकी कुणाचाही चालेल, पण वरची, कॅमेरा बसवायची पाटी आर्का-स्विस पद्धतीची घ्या, म्हणजे पुढे कंपनी बदलली तरी पाटी बसते. पिशवी जुनीच वापरा, आत मऊ कप्पे घाला. ‘लेन्सच्या संरक्षणासाठी’ म्हणून गळ्यात मारले जाणारे स्वस्त फिल्टर नकोत. लेन्ससोबतचं हूड, म्हणजे पुढे बसणारं कडं, लावलं तरी काच बरीचशी वाचते, आणि चित्र बिघडत नाही. एक गोष्ट पुढच्या वर्षी घ्यावी असं वाटतं: गोडॉक्सचा एक छोटा फ्लॅश, जो छताकडे वळवता येतो. छतावरून परतून येणारा प्रकाश खिडकीसारखा मऊ असतो आणि भाचीला डोळे दिपल्यासारखं होत नाही.

मेमरी कार्ड मात्र हलक्यात घेऊ नका. खोटी कार्डं बाजारात फार आहेत. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात दोन कार्डं घेतली. नाव प्रसिद्ध कंपनीचं छापलेलं, आकडा ६४ जीबी. आत प्रत्यक्ष जागा होती ८ जीबीची. कार्ड भरल्याचं कॅमेऱ्याला कळतच नव्हतं, तो फोटो काढत राहिला आणि मी आनंदात होते. मैत्रिणीच्या आईच्या पंचाहत्तरीचे, दुपारनंतरचे सगळे फोटो करड्या पट्ट्या होऊन निघाले. त्यातली दोन माणसं आता नाहीत. तो दिवस परत मिळणार नाही, म्हणून हे कळकळीने सांगते आहे. कार्ड कॅमेऱ्याच्याच दुकानातून घ्या आणि पहिल्याच दिवशी तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री हे मोफत प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून, परत वाचून खरी जागा सांगतात. कार्डावर व्ही३० असं चिन्ह असेल तर ते सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहू शकतं, तुम्हाला तेवढं पुरे. फोटोंच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

आता साइट. परीक्षणं वाचताना एक लक्षात असू द्या, बहुतेक ठिकाणी खाली दिलेल्या दुव्यावरून तुम्ही खरेदी केलीत की लिहिणाऱ्याला वाटा मिळतो. त्यात गैर काही नाही, पण म्हणून ‘हा कॅमेरा कुणी घेऊ नये’ हे वाक्य ज्याच्या परीक्षणात सापडतं त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते. डीपीरिव्ह्यू ही १९९८ पासूनची साइट. २०२३ मध्ये ती बंद होण्याची घोषणा झाली तेव्हा अनेकांना आपलं ग्रंथालय जळतंय असं वाटलं होतं. मग नव्या मालकाने ती घेतली आणि ती चालू राहिली. तिथे एकाच मांडणीचे निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. आयएसओ ६४००, म्हणजे कमी उजेडासाठीची वाढवलेली संवेदनशीलता, निवडा आणि वरचे चार कॅमेरे लावा. फरक शोधायला डोळे ताणावे लागतील, आणि तेच तुमच्या ‘कुठली कंपनी’ या प्रश्नाचं उत्तर आहे. लेन्सबद्दल लेन्सरेंटल्सचा ब्लॉग वाचा. ही लेन्स भाड्याने देणारी कंपनी, त्यामुळे तिच्याकडे एकाच लेन्सचे कितीतरी नग असतात. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी ते यंत्रावर तपासून दाखवून दिलं, की एकाच नावाच्या दोन नगांतही फरक असतो. ते वाचल्यावर ‘माझ्या लेन्सपेक्षा त्याची धारदार’ हा वाद निरर्थक वाटू लागतो. आकड्यांची आवड असेल तर बिल क्लाफ यांची फोटॉन्स टू फोटोज ही साइट.

पण यंत्रांवर वाचायचं ते खरेदीपर्यंतच. कॅमेरा घरात आला की ही पानं बंद करा. शिकण्यासाठी मार्क लेवॉय यांची डिजिटल फोटोग्राफीवरची व्याख्यानं मोफत आहेत. त्यांनी ती स्टॅनफर्डमधल्या आपल्या अभ्यासक्रमावरून २०१६ मध्ये गूगलमध्ये दिली. गणिताची भीती असेल तर सूत्रं सोडून ऐका, अपर्चर आणि शटर यांचं नातं तिथे जितकं नीट कळतं तितकं कुठेच कळत नाही. प्रकाश हाताळायचा तर डेव्हिड हॉबी यांची स्ट्रोबिस्ट ही साइट. २००६ मध्ये सुरू झाली. २०२१ नंतर त्यांनी नवीन लिहिणं थांबवलं, पण ‘लाइटिंग १०१’ ही पाठांची मालिका तशीच वाचायला ठेवली आहे. केंब्रिज इन कलर ही शांत, जाहिरातींचा गोंगाट नसलेली जागा. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख), रंग, फोकसची खोली या विषयांवर तिथले लेख पुन्हा पुन्हा उघडावे लागतात.

आणि फोटो बघा, खूप बघा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३५ नंतरच्या मंदीच्या आणि युद्धाच्या काळात सरकारी योजनेतून काढलेल्या फोटोंचा संग्रह आहे. सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह, त्यातला फार मोठा भाग घरबसल्या, मोफत आणि मोठ्या आकारात बघता येतो. तिथे डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेला एका स्थलांतरित आईचा गाजलेला फोटो आहेच. पण त्याच भेटीत काढलेल्या इतर फ्रेमही आहेत. त्या ओळीने बघा. आधी लांबून तंबू, मग जवळ, मग आणखी जवळ, मग मुलांचे चेहरे खांद्यामागे वळलेले. फोटोग्राफर पाऊल कसं टाकते हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा तिथे जास्त कळतं. तुमच्यासाठी मी आणखी एक मुद्दाम सांगते. गॉर्डन पार्क्स यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांचे फोटो काढले. एक फोटो फार गाजला. पण पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत, ते त्यांच्या घरी गेले, नातवंडं, आरसा, खिडकी, झोपायची खोली, सगळं टिपलं. कामावरचे हात आणि घरातली माणसं, तुमचा विषय तोच आहे. मी ते फोटो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघते आणि दर वेळी कुठल्या बाजूने उजेड येतोय तेच शोधत बसते.

आपले फोटो ठेवायला फ्लिकर मला अजूनही आवडतं. २००४ पासूनचं आहे, आणि बऱ्याच फोटोंखाली लेन्स, अपर्चर, शटर स्पीड दिसतात. ‘३० मिमी एफ/१.४’ शोधलंत तर घेण्याआधीच त्या लेन्सची नजर ओळखीची होते. फोटो सुधारण्यासाठी सुरुवातीला पैसे देऊ नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही मोफत आहेत, दोन्ही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेली मूळ फाइल, उत्तम उघडतात. डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, पण त्यातली दाणा कमी करण्याची सोय तुमच्या संध्याकाळच्या फोटोंना लागेलच. लाइटरूम सोपं आहे, फक्त त्याची वर्गणी चालूच राहते, ते आधीच धरून चाला.

आता बाबांचा कॅमेरा. पत्रातला हा प्रश्न तुम्ही शेवटी घातलात, मला मात्र तोच आधी उघडावासा वाटत होता. के-१००० हा १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत राहिलेला कॅमेरा. पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. म्हणजे इतकी वर्षं पडून राहिला तरी शटर चालण्याची शक्यता बरीच आहे. आधी आत रोल नाही याची खात्री करून घ्या, मग मागचं झाकण उघडा, आणि शटर १ सेकंदावर, मग १/६०, मग १/१००० वर दाबून आतून उजेड बघा. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल तर रोल घालण्याआधी तो बदलून घ्यावा लागेल. छोटं काम आहे, जुने कॅमेरे दुरुस्त करणारा कुणीही करतो.

त्यावरच्या लेन्सच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक ५० मिमी असेल, एफ/२ किंवा त्याच्या आसपास. टॉर्च लावून बुरशी तपासा. काच स्वच्छ निघाली तर ही लेन्स तुमच्या नव्या कॅमेऱ्यावर लागते. पेंटॅक्सच्या या माउंटमध्ये लेन्सच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर असतं, सोनीच्या ई-माउंटमध्ये १८. मधली साडेसत्तावीस मिलिमीटरची जागा भरायला एक पोकळ धातूचं कडं मिळतं, त्यात काच नसते, म्हणून ते स्वस्त असतं आणि चित्रही बिघडत नाही. बाकीच्या तीन माउंटनाही असंच कडं मिळतं. एपीएस-सीवर ५० मिमीचा कोन ७५ च्या आसपासचा होतो, चेहरे आणि हात यांच्यासाठी अगदी योग्य. म्हणजे दुसरी लेन्स तुमच्या कपाटात आधीपासूनच आहे.

लावल्यावर कॅमेरा फोटो काढायला नकार देईल, कारण त्याला वाटेल लेन्सच नाही. मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ अशा अर्थाचा पर्याय शोधून चालू करा. फोकस हाताने करायचा. पीकिंग चालू केलंत की जिथे फोकस बसला तिथे रंगीत कड दिसते. अपर्चर लेन्सवरच्या कड्यावर फिरवायचं, शटर स्पीड कॅमेरा स्वतः ठरवेल. पळती भाची या लेन्सने जमणार नाही, तिच्यासाठी सिग्माच. सुरुवात आईपासून करा, दुपारी, खिडकीच्या बाजूला बसून. सुईत दोरा ओवताना तिचे हात क्षणभर स्थिर होतात, आणि फोकसचं कडं फिरवायला तेवढा वेळ पुरतो.